उत्तरपत्रिका कुणाची अमानत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत दोन वाक्ये हमखास कानावर येतात. "तकदीर में इतनाच था," हे पहिले. "नाव बघून मार्क कापले," हे दुसरे. पहिल्यात मुकाट सोसणे आहे, दुसऱ्यात संताप. पण ही वाक्ये बोलणाऱ्यांपैकी फार थोड्या घरांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पाहिलेली असते. ती मागवता येते हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही तो आपला हक्क वाटत नाही. साहेबांकडे मेहरबानी मागायला जावे तसे वाटते.

हा संकोच उगाच आलेला नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्या देशात परीक्षेचा निकाल सुरुवातीपासून सरकारी हुकमासारखा आला. त्यात काही दुरुस्ती झालीच तर ती वरून झालेली कृपा म्हणून. कृपेपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास मी इथे मांडतो आहे, कारण त्यातला एक मोठा टप्पा महाराष्ट्रातच घडला आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही.

ग्रेसचे पदवीधर

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने बी. ए.ची पहिली परीक्षा घेतली. सर्व विषयांत पास झालेला एकही उमेदवार निघाला नाही. दोघे जण सहापैकी पाच विषयांत उत्तीर्ण होते आणि सहाव्यात थोडक्या गुणांनी राहिले होते. विद्यापीठाने कमी पडलेले गुण माफ करून त्यांना पदवी दिली. त्यांतले एक जदुनाथ बोस आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, पुढे ‘आनंदमठ’ लिहिणारे.

म्हणजे या देशातल्या आधुनिक पदवीची सुरुवातच ग्रेस मार्कांनी झाली. ग्रेस म्हणजे कृपा, मेहरबानी. मेहरबानी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ज्याला मिळाली त्याने शुक्रगुजार व्हावे आणि ज्याला मिळाली नाही त्याने गप्प बसावे. बंकिमबाबू सहाव्या विषयात खरोखरच कमी पडले होते, की तपासणाऱ्याचा हात आखडता होता, हा प्रश्न या व्यवहारात कुठे येतच नाही.

सोळा आणि सोळावे

परीक्षेच्या निकालाविरुद्ध कोर्टात जाऊन जिंकण्याचे एक गाजलेले उदाहरण मात्र त्याच काळातले आहे. लंडनला होणाऱ्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत १८६९ साली चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे सिव्हिल सर्व्हिस आयोगाने यादीतून काढून टाकली. कारण दिले वयाचे.

परीक्षेसाठी वयाची वरची मर्यादा एकवीस होती. सुरेंद्रनाथांनी १८६३ साली मॅट्रिकच्या वेळी आपले वय सोळा असे नोंदवले होते. त्यावरून हिशेब केला तर १८६९ मध्ये ते एकवीस ओलांडून गेलेले दिसत. प्रत्यक्षात मॅट्रिकच्या वेळी त्यांना सोळावे लागले होते, सोळा पुरी झालेली नव्हती. आपल्याकडे आजही खेड्यापाड्यांत चालू वर्षच वय म्हणून सांगतात. नोंद खोटी नव्हती, वाचणाऱ्याने ती आपल्या रीतीने वाचली होती. सुरेंद्रनाथ लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाला जाब विचारला आणि सुरेंद्रनाथ व ठाकूर दोघांचीही नावे यादीत परत आली.

सुरेंद्रनाथ लंडनमध्येच होते आणि वकील गाठू शकत होते, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कोणत्या कागदावरून आपले नाव कापले गेले हे त्यांना समजले होते. तो आकडा समोर होता म्हणून त्याचा अर्थ चुकीचा लावला आहे हे सिद्ध करता आले. कागद बंद कपाटात राहिला असता तर हुशारातला हुशार वकीलही काय बोलणार होता?

नियम १०४

आता महाराष्ट्रात येऊ. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने बारावीसाठी १९७७ मध्ये विनियम केले. त्यांतला १०४ क्रमांकाचा विनियम गुणांच्या फेरतपासणीबद्दल होता. निकालानंतर दोन आठवड्यांत, विषयामागे दहा रुपये भरून अर्ज करता येई. त्यावर मंडळ मुख्यतः दोन गोष्टी पाही. सर्व उत्तरे तपासली गेली आहेत का, आणि बेरीज बरोबर आहे का. त्याच विनियमाच्या तिसऱ्या कलमाने पुढचे दार बंद केले होते. उत्तरे पुन्हा तपासून मागण्याचा किंवा उत्तरपत्रिका पाहण्याचा कोणताही हक्क उमेदवाराला नाही, कारण हे कागद अत्यंत गोपनीय आहेत.

१९८० च्या बारावीच्या निकालानंतर काही विद्यार्थी या कलमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. कुणाची मागणी उत्तरपत्रिका पाहू द्या अशी होती, कुणाची ती पुन्हा तपासून द्या अशी. उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले आणि गोपनीयतेचे हे कलम रद्दबातल ठरवले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे प्रकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९८३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा दुसरा एक निकाल आला. तो उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेबद्दल होता. कानपूर विद्यापीठाने निकालाबरोबर पर्यायी प्रश्नांची ‘बरोबर’ उत्तरेही छापली होती. विद्यार्थ्यांनी ती पाठ्यपुस्तकांशी ताडून पाहिली तेव्हा काही छापील उत्तरेच चुकीची निघाली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की विद्यापीठाने उत्तरे छापलीच नसती तर हा वाद उभा राहिला नसता. पण शेकडो मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असताना त्याकडे असे पाहणे बरोबर नाही. चूक दिसली ती कागद उघडा होता म्हणून.

वर्षभराच्या आत, १७ जुलै १९८४ रोजी, महाराष्ट्र मंडळाच्या प्रकरणाचा निकाल लागला आणि तो उलट दिशेला गेला. न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांनी लिहिलेल्या या निकालात उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला गेला आणि नियम १०४ जसाच्या तसा कायम झाला. परीक्षा कशी घ्यावी, कशी तपासावी हे शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाने ठरवायचे धोरण आहे, त्यात न्यायालयाने आपले शहाणपण चालवू नये, असे न्यायालय म्हणाले. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इतके ताणता येणार नाही की परीक्षार्थीच तपासणीत सहभागी होतील. आणि निकाल कुठे तरी अंतिम व्हायला हवा.

हा युक्तिवाद हलका नव्हता. लाखावर मुलांच्या उत्तरपत्रिका, प्रत्येकाचे पाच-सहा विषय, आणि डोक्यावर पुढच्या प्रवेशांच्या तारखा. प्रत्येक वही उघडायची म्हटली तर निकाल कधी लागणार? आज फोटोकॉपी कोपऱ्यावरच्या दुकानात होते, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तरीही या निकालाने एक गोष्ट पक्की केली. बेरीज चुकली की नाही हे तपासायचे तेही ज्याने बेरीज केली त्याच कचेरीने, आणि मुलाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. विलक्षण योगायोग म्हणजे या खटल्यातल्या विद्यार्थ्याचे नावसुद्धा कायद्याच्या निवाडासंग्रहांत दोन वेगवेगळ्या प्रकारांनी छापले गेले आहे. एका ठिकाणी जोडाक्षरांची अशी गल्लत झाली आहे की त्याचे आडनावच बदलले. कारकुनी चूक किती सहज होते याचा आणखी पुरावा कशाला हवा?

अमानत

१९८४ च्या या निकालाची सावली सत्तावीस वर्षे राहिली. मधल्या काळात देशात माहिती अधिकाराची चळवळ वाढली. महाराष्ट्राने २००२ साली आपला कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. रेशनचा साठा, रस्त्याचे बिल, घरकुलाची यादी मागता येते, मग माझीच उत्तरपत्रिका का नाही, असा साधा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला सुरुवात केली.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २००८ च्या परीक्षेनंतर एका विद्यार्थ्याने हीच मागणी केली. मंडळाने नकार दिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला आणि प्रकरण दिल्लीला गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिलेला निकाल आला. तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थाने माहिती आहे, आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रमाणित प्रत घेण्याचा हक्क आहे.

या निकालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मंडळाचे म्हणणे होते की उत्तरपत्रिका आमच्याकडे विश्वासाने सोपवलेली असते आणि विश्वासाच्या नात्यातली माहिती उघड न करण्याची मुभा कायद्यात आहे. न्यायालयाने हा युक्तिवाद मंडळावरच उलटवला. विद्यार्थ्याने वही विश्वासाने तुमच्याकडे दिली असे मानले, तर ती परक्यांपासून जपा. खुद्द त्याच्यापासून लपवण्याचे कारण त्यातून कसे निघते?

आपल्या भाषेत याला एक जुना शब्द आहे, अमानत. ज्याची अमानत त्याला परत करा, हा कुरआनचा सुरह निसामधला स्पष्ट आदेश आहे. अमानत सांभाळणारा मालक होत नसतो. न्यायालय कायद्याच्या कलमांवरून ज्या ठिकाणी पोचले, ती जागा आपल्या घराघरांत शिकवल्या जाणाऱ्या दीनच्या पहिल्या धड्यांत आहे.

या निकालाने सगळेच दिले असे नाही. पाहण्याचा हक्क मिळाला, पण नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकनाचा हक्क त्यातून मिळत नाही. परीक्षकाचे नाव आणि सही झाकली जाते, आणि ते योग्यही आहे. नाहीतर चिडलेला पालक त्याच्या दारात उभा राहील. उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपली की हक्कही संपतो. २०१८ मध्ये तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरी सेवा परीक्षेचे गुण आणि तपशील सरसकट उघड करण्याचा आदेश देता येणार नाही. दार उघडले आहे, पण पूर्ण नाही.

चूक कुणाची, किंमत कुणाला

तपासणीतल्या चुका म्हणजे एखाद-दुसरा मार्क, असे कुणाला वाटत असेल तर अलीकडची दोन वर्षे आठवावीत. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली. शेकडो परीक्षांचे निकाल रखडले, उत्तरपत्रिकांचा मेळ लागेना, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मधल्या काळात कित्येकांचे पुढचे प्रवेश लटकले.

२०१९ मध्ये शेजारच्या तेलंगणात याहून भयंकर घडले. तिथल्या इंटरमिजिएटच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, निकालात तीन लाखांहून अधिक मुले नापास दाखवली गेली. एका मुलीला तेलुगूत ९९ गुण होते, गुणपत्रिकेवर शून्य आले. निकालानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. सरकारने नापास झालेल्या सर्वांच्या उत्तरपत्रिकांची मोफत फेरपडताळणी केली तेव्हा अकराशेहून अधिक मुले पास निघाली. ही मुले पासच होती. यंत्रणेने त्यांना नापास म्हटले होते.

९९ च्या जागी शून्य आले ते पुनर्मूल्यांकनाने कळलेले नाही. तिथे ज्ञानाचा, मताचा, तज्ज्ञांच्या अधिकाराचा वादच नव्हता. वही उघडून पाहणे एवढेच हवे होते. १९८४ च्या निकालाने तज्ज्ञांच्या निर्णयाला दिलेले कवच अशा कारकुनी चुकांनाही मिळत राहिले, हे त्या निकालाचे खरे दुखणे.

तकदीर की मापात पाप?

आता सुरुवातीच्या दोन वाक्यांकडे वळतो.

तकदीरवर ईमान आहेच. पण दुसऱ्याच्या हातून झालेली बेरजेची चूक तकदीरच्या खात्यावर टाकणे म्हणजे सब्र असा अर्थ मी तरी कुठे वाचलेला नाही. माप कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनमध्ये एक स्वतंत्र सुरह आहे, अल-मुतफ्फिफीन. मराठीत आपण ज्याला मापात पाप म्हणतो त्याबद्दलचीच ती ताकीद. गुण हेही एक मापच आहे. माप कमी भरले असेल तर पुन्हा मोजायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी बेसब्र म्हणत नाही.

हजरत उमर (रजि.) यांनी बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अशअरी (रजि.) यांना लिहिलेले म्हणून एक पत्र इस्लामी न्यायशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्यातल्या एका सूचनेचा आशय असा की काल दिलेला निवाडा आज विचारांती चुकीचा वाटला, तर काल दिला होता एवढ्यासाठी सत्याकडे परतायला कचरू नये. निकाल अंतिम असावा हे शहाणपण खरे, पण चूक समजल्यावर मागे फिरणे हे त्याहून मोठे शहाणपण मानले गेले. अब्बासी काळात अधिकाऱ्यांविरुद्ध फिर्याद ऐकणारी मजालिमची वेगळी न्यायव्यवस्था होती आणि अल-मावर्दीने आपल्या ग्रंथात तिच्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिले. हाकिमाकडे दाद मागणे ही आपल्या परंपरेत बेअदबी नव्हती.

आणि सर्वांत मोठी गोष्ट सुरह बनी इस्राईलमध्ये आहे. कयामतच्या दिवशी प्रत्येकाच्या आमालची किताब त्याच्यासमोर उघडी ठेवली जाईल आणि त्याला सांगितले जाईल की ती तूच वाच. अल्लाहला पुराव्याची गरज नाही. त्याच्या हिशेबात चूक नाही, त्याच्यावर अपील नाही. तरीही तो बंद्याला त्याची वही दाखवतो. मग ज्यांच्या हातून चूक होऊ शकते त्या माणसांच्या मंडळाने वही अत्यंत गोपनीय म्हणून कपाटात ठेवावी, हे कोणत्या न्यायात बसते?

दुसरे वाक्य अधिक नाजूक आहे. नाव बघून मार्क कापले, ही शंका हवेतून येत नाही. घर भाड्याने मागताना, नोकरीच्या मुलाखतीत जे अनुभव येतात त्यांतून ती येते. पण बोर्डाच्या लेखी परीक्षेत परीक्षकापुढे नाव जाऊ नये अशीच व्यवस्था असते, आणि उर्दू माध्यमाच्या मुलांचे पेपर उर्दू जाणणारेच शिक्षक तपासतात. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र नाव आणि चेहरा दोन्ही समोर असतात. तिथली शंका मी झटकून टाकणार नाही, आणि तिथे मागवून पाहायला उत्तरपत्रिकाही नसते. म्हणून तर जिथे ती असते तिथे आधी पाहावी. वही पाहिल्यावर कधी तपासायचे राहून गेलेले उत्तर सापडेल, कधी बेरजेची चूक, आणि कधी मुलानेच प्रश्न सोडून दिलेला दिसेल. यांतले काहीही कळले तरी ते "आपल्यासोबत असंच होतं" या निराशेपेक्षा बरे. अंधारात फक्त अन्याय वाढत नाही, संशयही वाढतो.

आता काय करायचे

महाराष्ट्र मंडळाकडे आज तीन वेगवेगळे मार्ग आहेत. गुणपडताळणी म्हणजे बेरीज आणि राहिलेली उत्तरे पाहणे. १९७७ चा नियम तो हाच. दुसरा, उत्तरपत्रिकेची छायाप्रत. तिसरा, पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते. प्रत्येकाची फी वेगळी आणि मुदत छोटी असते. छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मोजके कामकाजाचे दिवस मिळतात. निकालाच्या दिवशीच मंडळाचे परिपत्रक वाचावे. वही आली की ती विषयाच्या शिक्षकासमोर बसून, प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून, पानापानाने तपासावी. गुण वाढतीलच असे नाही, हे मुलाला आधीच सांगावे.

फीचा प्रश्न खरा आहे. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की प्रत संस्थेच्या स्वतःच्या नियमाने मागायची की माहिती अधिकाराच्या अर्जाने, हे परीक्षार्थी ठरवू शकतो. तिथे संस्थेची फी पाचशे रुपये होती आणि केंद्राच्या माहिती अधिकार नियमांत अर्जाला दहा आणि पानाला दोन रुपये पडतात. माहिती अधिकाराच्या उत्तराला मात्र तीस दिवस लागू शकतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची तारीख निघून जाते. म्हणून घाई असेल तर मंडळाचाच मार्ग धरावा.

आपल्याकडे निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात, शाली दिल्या जातात, फोटो छापून येतात. ते व्हावेतच. पण मशिदीच्या हॉलमध्ये, अंजुमनच्या शाळेत किंवा एखाद्या वाचनालयात निकालानंतरचे चार दिवस एक टेबल मांडून दोन शिक्षक बसले, अर्ज भरून दिले, ज्याच्याकडे नाहीत त्याची फी बैतुलमालमधून भरली, तर कमी गुणांमुळे मान खाली घालून बसलेल्या मुलांपैकी कुणाकुणाची वही उघडली जाईल. गेल्या काही वर्षांत मी अशा टेबलापाशी बसतो आहे. आलेल्या मुलांत मुली जास्त असतात, आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "सर, मागितली तर ते रागावतील का?" कुणी रागावत नाही, बेटा. अर्ज भर.